क्लूलोंच्या कारखान्यात बायकांचा संडास

डॉक्टरांनी टॅबिथा मेचिनला दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही ऐकून तिला हसू आलं. एक, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. दोन, लागली की लगेच जायचं, धरून ठेवायची नाही.

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर काम सोडायचं," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडं काही साच्यातून पुन्हा काढता येत नाहीत, मिसेस मेचिन."

इंग्लंडातल्या हॅन्लीत डॉक्टरसुद्धा मातीच्याच भाषेत बोलत. गावच तसं होतं. जिकडे बघावं तिकडे बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या, धुराने काळं आभाळ, आणि मातीवर जगणारी माणसं. कोणी कपबशा करी, कोणी फरशा. क्लूलोंच्या कारखान्यात संडासाची भांडी होत. साधीसुधी नव्हेत. आतून-बाहेरून फुलं छापलेली, निळ्या वेलबुट्टीची, लॉर्डांच्या बंगल्यात आणि मोठमोठ्या बोटींवर जाणारी. त्यांच्यावर बसणाऱ्याने खाली बघितलं तर त्याला बाग दिसावी. ही बाग टॅबिथा लावत असे. तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर उतरवलेला छाप भांड्याच्या पोटात बेतून बसवायचा, ताठ ब्रशने घासघासून घासायचा, आणि मग टबात बुडवून कागद धुऊन काढायचा. कागद जातो, फूल राहतं. सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. नवरा गेल्यावर घर चाललं ते याच दोन हातांवर.

आणि या कारखान्यात बायकांना जायला जागा नव्हती.

पुरुषांसाठी अंगणात पाच जणांची सोय होती. बायका तेवीस. त्यांच्यासाठी काही बांधायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. घर गाठायचं तर कालव्याचा पूल ओलांडून जावं लागे, आणि तिथेही नऊ घरांत मिळून एकच खड्ड्याचा संडास, त्याच्यापुढे रांग. म्हणून बायकांनी आपला आपण उपाय काढला होता. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी ओटच्या पिठाची कोरडी पोळी, म्हणजे ओटकेक, चीजचा तुकडा लावून, आणि संध्याकाळच्या घंटेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तेही त्या खोलीत, जिथे दिवसभर तेवीस टबांतून पाणी डुबुकडुबुक वाजत असे.

"उपाशी माणसाला बेकरीत नोकरी द्यावी तसं आहे हे," शेजारच्या टबावरची लीया कोलक्लो म्हणायची. लीयाची जीभ गावात प्रसिद्ध होती. तिच्या तीन बाळंतपणांत ती कारखान्यात कशी राहिली, हे मात्र ती कधी सांगत नसे.

टॅबिथाला आता रोज संध्याकाळी कमरेत कळ येई. भाजलेली वीट फडक्यात गुंडाळून ती पाठीला लावून बसे. काम सोडलं तर दुसऱ्यांचे कपडे धुणं, एवढंच उरत होतं, आणि तेही कमरेचंच काम. तीन संध्याकाळी तिने विचार केला. चौथ्या दिवशी सकाळी तिने ॲप्रन सोडून घडी घातली आणि ती मालकांच्या ऑफिसात गेली.

"काय गं टॅबिथा? छाप वाकडे बसतायत का?" मिस्टर क्लूलोंनी मान वर न करता विचारलं.

"छाप सरळ आहेत, मालक. आम्ही वाकड्या होतोय."

"म्हणजे?"

"आम्हाला संडास पाहिजे."

ज्या माणसाने आयुष्यभर संडास विकले, तो बाईच्या तोंडून तो शब्द ऐकून कानापर्यंत लाल झाला. आपल्या छापील यादीतही त्यांनी तो शब्द येऊ दिला नव्हता. तिथे सगळी फुलांची आणि नद्यांची नावं. कोपऱ्यातल्या मेजावर कारकून मिस्टर पिम टाक चालवत होते, त्यांचा टाक थांबला.

"हे बघ," मालक म्हणाले, "माझ्या आजोबांपासून इथे बायका काम करतायत. आजवर एक तरी बोलली का?"

"तोंड उघडलं तर दुसरंच काही सुटेल, म्हणून बोलल्या नसतील."

पिम खोकले. मालकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. माणूस तसा दुष्ट नव्हता. टॅबिथाचा नवरा गेला तेव्हा त्यांनी स्वतः येऊन टोपी काढली होती. पण न बघितलेल्या गोष्टी नसतातच, असा त्यांचा स्वभाव होता. आता बघावी लागली म्हणून ते चिडले होते.

"मागच्या अंगणात भांडी बांधायच्या गवताच्या गोदामाचा कोपरा आहे ना, तिथे सांडपाण्याच्या जुन्या नळाचं तोंड आहे. जागा दिली. एका भांड्याची माती दिली. पलीकडे मोडकी टाकी पडलीय, ती घ्या. पण कामाचा एक तास जाता कामा नये. वेक्सच्या शनिवारी, एकच्या घंटेला, माझ्यासमोर ते भांडं कारखान्याच्या परीक्षेला उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर तो कोपरा खोक्यांना जाईल, आणि हा विषय पुन्हा माझ्या कानावर येणार नाही. कबूल?"

वेक्स म्हणजे ऑगस्टातली जत्रा. त्या शनिवारी दुपारपासून आठवडाभर सगळं गाव बंद, भट्ट्या गार. मध्ये पाच आठवडे होते.

"कबूल," टॅबिथा म्हणाली.

भांडं करायला एनक सॉल्टशिवाय माणूस नव्हता. साठीला आलेला, हातांच्या पंजांत माती कायमची मुरलेली. प्लास्टरच्या साच्यात मातीची चादर दाबून तो अशी बसवे, की भांड्याला शिवण शोधून सापडू नये. टॅबिथाच्याच गल्लीत राहायचा. बायको जेन सहा वर्षांपूर्वी वारली होती. तीही छापखोलीतच होती.

"माझी शनिवारची अर्धी सुट्टी मी बायकांच्या संडासात घालू?" एनक म्हणाला. "दारूच्या गुत्त्यावर पोरं काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारा शेवटी एकदा कामाला आला."

तो हसला. मग साच्यावरची माती अंगठ्याने खरवडू लागला.

"जेन संध्याकाळी पळत यायची घरी," तो म्हणाला. "रोज. पुलावरून तिचे बूट वाजायचे, मला दारात ऐकू यायचं. मला वाटायचं, बाई माझ्या ओढीने येते."

टॅबिथाने ओल्या फडक्याने साच्याची कड पुसली.

"माप आण नळाचं," एनक म्हणाला.

भांड्याला साचा होताच. अडचण खालच्या नळकांड्याची होती. गोदामातला नळ आजोबांच्या काळचा, हल्लीच्या नळांपेक्षा अरुंद. तेव्हा नळकांडं त्या तोंडात नीट जाईल असं वेगळं, हाताने घडवायला हवं होतं. टॅबिथाने लाकडाची पट्टी घेतली, नळाच्या तोंडावर आडवी धरली आणि चाकूने खूण केली.

आता या गावात जन्मलेल्या माणसाला एक खोड असते. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, बारा बोटांची अकरा होते. म्हणून मूल चालायला लागतं तेव्हापासून ते कुठलंही माप घेताना अकराला एक वाढवतं. टॅबिथाचा बाप साचे करणारा. त्याच्या घरात माप म्हटलं की ते ओल्या मातीचंच असायचं. तिच्या हाताने तिला न विचारता खूण थोडी पुढे सरकवली. एनकने पट्टी घेतली आणि विचारलं, "हेच माप?" ती म्हणाली, "हेच." आणि एनकचा बाप तिच्या बापासारखाच या गावचा असल्यामुळे, एनकनेही अकराला एक वाढवलं.

तीन शनिवार गेले. भांडं वाळलं, पहिल्यांदा भाजलं गेलं, छापखोलीत आलं. टॅबिथाने जेवणाच्या सुट्टीत त्याच्या पोटात निळी आयरिस बसवली. तळाशी एक जादा फूल लावलं, कारण कागद उरला होता. मग झिलई चढली, दुसरी भाजणी झाली. वेक्सच्या आधीच्या सोमवारी, सुट्टीपूर्वीची शेवटची भट्टी उघडली तेव्हा ते बाहेर आलं, पांढरं लख्ख, कुठे डाग नाही. भट्टीवाल्यांनीसुद्धा शीळ घातली.

जेवणाच्या घंटेला चौघींनी ते उचलून गोदामात नेलं. एनकने गुडघे टेकले, नळकांडं नळाच्या तोंडावर आणलं.

ते आत जाईना.

त्याने फिरवून बघितलं. उचलून पुन्हा टेकवलं. नळकांडं नळाच्या काठावर बसून राहिलं, मोठं बूच बारीक बाटलीच्या तोंडावर राहतं तसं.

"मी अकराला एक धरलं होतं," एनक पुटपुटला.

"धरलंस?" टॅबिथा म्हणाली. "मी धरलं होतं!"

"मग मला सांगायचं नाही?"

"तू विचारायचं नाही?"

"विचारलं की! हेच माप का म्हणून विचारलं!"

"बघा गं बघा," लीया बाकीच्यांना म्हणाली. "दोन शहाण्यांची बेरीज. एक मूर्ख बाई आणि एक फुगलेलं नळकांडं."

कोणी हसलं नाही. लीयाही नाही. पिम दारात येऊन उभे होते, सावलीसारखे. "भट्ट्या थंड करायला घेतल्यात," ते म्हणाले. "दुसरं करायचं तर वेक्सनंतरच." तेवढं सांगून ते गेले. वेक्सनंतर इथे खोकी असणार होती, हे त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

एनक उठला, गुडघे झटकले. "माझी चूक अर्धी आहे, टॅबी. अर्ध्याचीच माफी मागतो. पण हे आता होत नाही."

टॅबिथा खाली वाकून नळकांड्याचा काठ चाचपत होती. एनकने मजबुतीसाठी ते जाड ठेवलं होतं. काढायचं होतं ते फार नव्हतं. सगळीकडून करंगळीच्या नखाएवढं.

"घासून काढू," ती म्हणाली.

"दोनदा भाजलंय ते. वर झिलई आहे. भाजलेली माती घासून कमी होत नाही."

"चर्चचा उंबरठा बघितलायस? मधोमध खड्डा पडलाय. तो तर दगड आहे."

"त्याला तीनशे वर्षं लागली."

"त्याला नुसते पाय लागले. आपण वाळू लावू."

छिनीने काम लवकर झालं असतं. भट्टीतून आलेल्या भांड्यांना चिकटलेले आधाराचे काटे बायका रोज छिनीनेच उडवत. पण इथे एक ठोका चुकला की तडा गेला, आणि तडा गेला की सगळं संपलं. म्हणून दगडच. लीयाच्या भावाकडे चाकूला धार लावायचा मोडका दगड होता, त्याचे तीन तुकडे झाले. कालव्याच्या काठची खरखरीत वाळू बादलीतून आली. भांडं गवतावर उलटं ठेवलं, आणि मंगळवारच्या जेवणाच्या सुट्टीपासून बायका बसल्या.

तिघी घासायच्या, एक पाणी सोडायची, एक भांडं मांड्यांत धरून बसायची. शंभर आकडे मोजले की तिघी बदलायच्या. ओटकेक एका हातात, दगड दुसऱ्या हातात. पहिल्या दिवशी झिलई तेवढी गेली. ती काचेसारखी कडक, दगडच घसरे. घंटा झाली तेव्हा टॅबिथाने बोट फिरवून बघितलं. कागदाच्या जाडीएवढा फरक पडला होता.

"शाब्बास," लीया म्हणाली. "या हिशेबाने माझ्या नातीला तरी जाता येईल."

"तुझ्या नातीला आपण दुसरा बांधू. हा माझा आहे."

बुधवारी झिलईखालची माती लागली आणि काम सरकलं. पांढरा चिखल बायकांच्या कोपरांपर्यंत आला. दोघी जणी टॅबिथाला म्हणाल्या, आम्हाला जमायचं नाही, घरचं आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांत आधी दगड घेऊन बसल्या होत्या. टॅबिथाची कमर त्या रात्री अशी दुखली की भाजलेली वीट गार झाली तरी ती उठून दुसरी घेऊ शकली नाही. सकाळी मात्र घंटेआधी ती फाटकात उभी होती.

गुरुवारी आवाज झाला. टक्, एवढाच. काठाचा टवका उडून गवतात पडला होता. दगड धरलेले सगळे हात जागच्या जागी थांबले.

"एनकला बोलवा," टॅबिथा म्हणाली.

सोमवारपासून एनक गोदामाकडे फिरकला नव्हता. आला तेव्हा तोंडात घास होता. त्याने कोणाकडे बघितलं नाही. भांड्याला कान लावला आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवलं. तडा गेलेलं भांडं ठक्क वाजतं, मडक्यासारखं. हे वाजलं ते लांबपर्यंत, घंटेसारखं. त्याने दुसऱ्या बाजूने वाजवलं, तिसऱ्या बाजूने वाजवलं. मग घास गिळला.

"काठ गेलाय. अंग शाबूत आहे." आणि खाली बसत म्हणाला, "सरक जरा. असं आडवं घासतात का? फिरवत जा, फिरवत. एवढं तरी शिकवलं असेल ना तुझ्या बापाने."

शुक्रवारी सुट्टी संपायच्या बेतात नळकांडं नळाच्या तोंडात अर्ध्या बोटावर जाऊन अडकलं. शनिवारी सकाळच्या न्याहारीच्या वेळात उरलेलं घासलं, आणि ते गेलं. आवाज न करता, सवयीच्या बुटात पाय जातो तसं गेलं. एनकने ताग आणि पुट्टी भरून सांधा बंद केला. डागडुजी केलेल्या टाकीची साखळी जोडली. लाकडी बैठक बसवली. सगळ्या जणी नुसत्या बघत उभ्या राहिल्या, जसं काही कोणाच्या घरी मूल झालं होतं.

एकला दहा मिनिटं होती तेव्हा मिस्टर क्लूलो आले. अंगावर प्रवासाचा कोट होता. घरची मंडळी स्टेशनवर होती, समुद्रकाठी जायचं होतं. मागे पिम, त्यांच्या हातात परीक्षेची टोपली. कारखान्याची परीक्षा सगळ्या भांड्यांना सारखी होती. सहा सफरचंदं, एक स्पंज, कागदाचे चार तुकडे. एका ओढीत सगळं गेलं पाहिजे.

पिमने सगळं आत टाकलं. मालकांनी दोन बोटांत साखळी धरली आणि ओढली. पाणी धडाडलं, फिरलं, गेलं. आत एक सफरचंद तरंगत राहिलं, आयरिसच्या फुलावर.

"एक राहिलं," मालक म्हणाले. खरं म्हणजे त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते हळू बोलले.

"तुम्ही साखळी अर्धीच ओढलीत, मालक," टॅबिथा म्हणाली. "ज्याला घाई नसते तो अशी ओढतो. परीक्षा पहिल्यापासून पुन्हा घ्या, सगळंच्या सगळं टाका. मिस्टर पिम, टोपलीतली दुसरी सफरचंदं आणि स्पंज घ्या."

पिमने मालकांकडे बघितलं. मालकांनी घड्याळ बघितलं आणि मान डोलावली. टाकी भरेपर्यंत पिमने सगळं पुन्हा आत टाकलं. मग टॅबिथाने साखळी दोन्ही हातांनी धरली आणि गुडघ्यापर्यंत खाली आणली. सफरचंदं गेली, स्पंज गेला, कागद गेले. तळाशी स्वच्छ पाणी, पाण्याखाली निळं जादा फूल. मालक वाकून बघत राहिले.

"ते तळाचं फूल कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"हं. बरं दिसतं." ते सरळ झाले. "ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. पिम, दाराला कुलूप लावा. किल्ली ऑफिसात खिळ्याला राहील. लागेल तिने मिस्टर पिमकडे मागायची आणि नाव सांगायचं. शिस्त पाहिजे."

पिमने खिशातून कुलूप काढलं. नवंकोरं होतं.

टॅबिथाने मागे वळून बायकांकडे बघितलं. एकीच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. सगळ्यांचे चेहरे नुसते पुन्हा बंद झाले होते. ऑफिसच्या दारात उभं राहून, आत व्यापारी बसलेले असताना, पिमपुढे हात पसरणारी यांच्यात एकही नव्हती. मालकांनाही ते ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असावं. अंगणातल्या पुरुषांच्या सोयीला कुलूप नव्हतं.

टॅबिथा पुढे झाली. आत गेली, दार लावलं आणि आतून कडी घातली.

"टॅबिथा?" मालक म्हणाले.

"मी कामात आहे, मालक."

बाहेर कोणी तरी फसकन हसलं. लीयाच असणार. मग एकची घंटा झाली. एरवी वेक्सच्या शनिवारी घंटेबरोबर बायका फाटकातून अशा सुटत की ॲप्रन रस्त्यात सोडत. आज पायांचा आवाज आला तो फाटकाकडे गेला नाही. दारापाशी आला आणि थांबला. एकीमागे एक, एकीमागे एक.

"कुलूप लावायचंय, मिसेस मेचिन," पिमचा आवाज आला. "कारखाना बंद करायचाय."

"लावा की," बाहेरून लीया म्हणाली. "तिच्यानंतर मी आहे. माझ्यानंतर मार्था. मधे जागा सापडली की लावा."

"किती जणी आहात तुम्ही?"

"तेवीस. आणि वेळ लागेल, मिस्टर पिम. सव्वीस वर्षांचं साठलंय."

आत अंधुक होतं. फटीतून उजेडाची एक रेघ गुडघ्यांवर पडली होती. बैठकीचं लाकूड गार होतं आणि गुळगुळीत होतं. टॅबिथा बसली. आधी काही होईना, इतक्या वर्षांची शरीराची सवय. मग झालं. ती उठली नाही. बाहेर मालक कोणाला तरी विचारत होते की गाडी सुटायला किती मिनिटं आहेत, आणि एनक म्हणत होता की स्टेशनचा रस्ता आज जत्रेमुळे भरलेला असणार, लवकर निघालेलं बरं. त्याच्या आवाजात इतकी काळजी होती की ती खोटी असणार हे कोणालाही कळावं.

बराच वेळ गेला. मग मालकांचा आवाज आला, दमलेला.

"पिम. ते कुलूप फाटकाला लावा. सगळ्या गेल्यावर."

"आणि इथे, साहेब?"

"इथे काही नको."

बुटांचा आवाज अंगणातून लांब गेला. टॅबिथाने साखळी पूर्ण ओढली, पाणी शांत होईपर्यंत उभी राहिली, मग कडी काढली. बाहेर लीया एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"झालं का महाराणी?"

"जा," टॅबिथा म्हणाली आणि तिच्यासाठी दार धरलं. "सावकाश बस."